हातचा

सोमवारी सकाळी सातला, विडनेसमध्ये,
मी कार्ड टेकवते, दार सरकतं.
आत तो हात चालूच असतो,
शुक्रवार संध्याकाळपासून.
डर्मट त्याला मॉरीन म्हणतो, थोरल्या आत्याच्या नावानं;
तीही म्हणे अशीच, एक शब्द न बोलता,
दिवसभर भांडी हलवायची.

कुपी उचल. झाकण फिरव. तीन थेंब.
ढवळ, तापव, उजेडापुढे धर,
आणि पुढचं प्रमाण
आपलं आपण ठरव.

चहा निवेपर्यंत मी यादी वाचते:
गढूळ. गढूळ. साका बसला.
नापास. रंग उडाला. नापास.
कुपी तडकली; कारण: पकड घट्ट.
नापास.
दोनशे अडतीस वेळा,
आणि कुठे खाडाखोड नाही,
कुठे ‘बहुधा हवा दमट होती’ नाही.

लेस्टरच्या तळघरात, एकोणीस वर्षांपूर्वी,
माझं मीठ चौसष्ट अंशांवर करपलं.
याच मिठाचं चुलत भावंड.
आधीचे दोन प्रयोग देखणे होते,
आणि प्रोफेसर हॉलवर्थना शुक्रवारी आकडा हवा होता.
मी तिसऱ्याचं पान फाडलं.
वहीच्या शिवणीत त्याची दातेरी कड आहे अजून.
कुणी विचारलं नाही.
मीच विचारायचे, कधीमधी,
बसस्टॉपवर, भांडी विसळताना.
शाळेत बाई बजावायच्या: हातचा विसरू नका गं.
विसरले नाही.
राखून ठेवला.

पडद्यावर तळाशी एक चौकट असते:
मानवी नोंद, असल्यास.
दर सोमवारी मी ती रिकामी सोडते.
आज लिहिते: चौसष्ट अंश. करपलं.
तारीख घालते, तेव्हाची.
जरा थांबून, पान फाडलं, हेही.

भुवई उंचावत नाही कुणाची.
नकाशावर एक करडा ठिपका उमटतो,
बाकीच्या दोनशे अडतीसांएवढाच,
तसूभरही मोठा नाही.
हात दोन सेकंद थबकतो,
मग वळून फळीकडे जातो.

पुलाखाली मर्सी ओहोटीला लागलेली, चिखलाच्या रंगाची.
डर्मट येतो, ओला कोट खुंटीला अडकवतो.
काय म्हणते मॉरीन?

नाही म्हणते, मी सांगते.
एकसष्टवर बघू म्हणते.