डबे की डोंगर

रुवीतल्या या स्वयंपाकघरात
फ्रीज उघडायचा तर आधी दार लावायचं,
आणि पोळी लाटताना डावं कोपर
दर वेळी पाइपावर. नऊ वर्षं.
हेरंब म्हणाला, भाड्याच्या घराला एवढं कशाला?
मग स्वतःच टेप घेऊन आला.

'ओटा किती उंच, बाजी?' रफाकतने विचारलं.
मी हात दुमडून दाखवला: कोपराखाली चार बोटं.
त्याने फळीला माझी बोटंच लावून रेघ मारली.
तुमच्या घरी केवढा?
'ती खाली बसूनच करते,' म्हणाला,
आणि करवत सुरू केली.

जुनं कपाट सरकवलं तर मागे खिडकी.
उन्हाला भिऊन कुणीतरी फॉइल चिकटवलेली.
सोलली, तर तपकिरी डोंगर,
एकही झाड नसलेला,
थेट आमच्या फोडणीत.

आता डब्यांचं काय?
पोहे, ज्वारी, मे महिन्यात वाहून आणलेले कुळीथ.
रात्री उशिरापर्यंत मोजमाप झालं, भांडणही.
शर्वाणीने मध्येच विचारलं,
डबे की डोंगर?

कुळीथ सध्या पलंगाखाली आहेत.
चार वाजता ऊन ओट्यावर येतं, चटका बसतो,
तरी फॉइल परत लावा असं
अजून कुणी म्हणालेलं नाही.