तिकडे गेला की आउट

मार्व्याहून तरीनं मनोरीला उतरले तेव्हा साडेसात,
आणि ऊन अगोदरच कामाला लागलेलं.
गळ्यात भावजींची दुर्बीण, उजवी काच धुरकट.
वहीत तारीख, वार, आणि 'वारा: नाही'.

तारेवर वेडा राघू, चोचीत चतुर,
धुणं आपटावं तसा आपटत होता.
एक घोरपड कुंपणाखालून गेली
पेन्शन आणायला निघाल्यासारखी.
तांबट दिसला नाही. लिहिलं: 'ऐकला'.

मग इनास भेटला, पायात पोराच्या स्लिपर.
"काय शोधताय?"
पक्षी.
"त्यात शोधायचं काय? चला."

मिठागरामागचं मैदान, भेगाळलेलं, पांढरट.
टेनिस बॉल, तीन काठ्या, नऊ पोरं.
मिडविकेटला चार विटा उभ्या, एकीवर लाल फडकं,
आणि विटांच्या मध्ये
काहीच नाही.

दुर्बीण लावली.
खडे. खडे. खडे.
मग त्यांतल्या चार खड्यांना टोकं निघाली,
एकमेकांकडे वळलेली,
अंगावर शाई झटकल्यासारखे डाग.

"तिकडे बॉल गेला की आउट," इनास म्हणाला.
"आमच्या ज्यूडनं काढलाय नियम.
सगळ्यांत जास्त वेळा आउटही तोच."

टिटवी ओरडली की आमच्या चाळीत दारं लावून घेत.
"आमच्याकडेपण," तो म्हणाला. "पण अंडी म्हणजे अंडी."

म्हणतात, टिटवी पाय वर करून झोपते,
आभाळ पडलंच तर पेलायला.
ते काही आम्हाला दिसलं नाही.
दिसलं ते असं:
दुपारी बारानंतर ती उठली, चरापर्यंत चालत गेली,
उरल्यासुरल्या पाण्यात पोट टेकून बसली,
आणि पिसांत मावेल तेवढं पाणी घेऊन
परत निघाली,
खेळपट्टी ओलांडून.

बोलर धावता धावता थांबला.
"ए, थांब. बाई चाललीय."
बॅट खाली. कुणी हसलं नाही.
ओलं पोट अंड्यांवर ठेवून ती बसली.
"हां, टाक आता."

अकरा वेळा. मी मोजलं.
अकरा वेळा खेळ थांबला, अकरा वेळा
कुठल्या ओव्हरचा कितवा बॉल यावरून भांडण.

चारच्या सुमाराला ज्यूडनं उंच मारला,
आणि बॅट टाकून आपणच चालू लागला.
बॉल तिच्यापासून वीतभरावर.
तिनं मान वाकडी करून पाहिलं.
बसून राहिली.
आणायला कोण जाणार? सामना तिथंच संपला.

वहीत 'टिटवी'पुढे दोन लिहिले.
पेन्सिलीनं, बारीक: अधिक चार.
तर सुटायची वेळ झाली तेव्हाही
बॉल तिथंच होता,
हिरवा,
तिच्या सावलीत निम्मा.