सातबारा

आई गेली तेव्हा आमच्या नावावर
टीचभर जमीन नव्हती.
जन्म गेला रेल्वेच्या क्वार्टरात.
बाबा धुळे पॅसेंजरचे गार्ड,
शुक्रवारी दिवा लागला की सांगायचे:
ताऱ्यांइतकी लेकरं
अन् नजर पोचेल तिथवर भुई,
मूळपुरुषाला शब्द दिलाय त्यानं.
आई हसायची. तोंडाला पदर न लावता.
तिला आम्ही दोघंच,
त्यातला थोरला अश्दोदला.

चाळीसगावाबाहेर, तितूरच्या पल्याड,
लिंबांच्या बागेकडेला बाबांनी तुकडा मागितला.
सुपडूअण्णा म्हणाले,
"लई ले ना भाऊ,
तुन्हा-मन्हा मझार पैसा कसाना?"

बाबांनी ऐकलं नाही.
आई तिकडे बर्फावर,
आणि हे चार माणसं बसवून
थुंकी लावून नोटा मोजतायत.
एक फाटकी निघाली, ती बदलून दिली.
मला तेव्हा राग आला होता.

नोंद व्हायला दोन वर्षं गेली.
आता उताऱ्यावर नाव आहे:
हनोख एलोजी चिंचवलकर, तीन गुंठे.
पिकाच्या रकान्यात तलाठ्यानं लिहिलंय, पड.

शुक्रवारी बाबा तो कागद
दिव्याशी धरतात.
बघ, म्हणतात, सुरुवात तर केली त्यानं.

मला आईचं हसू येतं.