उसनं रक्त

बीट उकळायचं, गाळायचं, त्यात ग्लिसरीन.
कॉफीची चिमूट टाकली की रक्त शिळं दिसतं.
पूर्वी मी ताल्काउआनोच्या गोदीत बोटींवर नावं रंगवायचो,
आता माणसांवर जखमा रंगवतो.
ब्रश तेच.

सकाळी साडेसहा. शाळेच्या व्यायामशाळेत
छत्तीस जण रांगेत, प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी:
कुणाची मांडी मोडलेली, कुणाच्या फुफ्फुसात पाणी,
एका पोराला नुसतंच ‘रडत राहा’.
किती वेळ, विचारतो.
शिट्टी होईपर्यंत, बाळा.

समुद्र खिडकीबाहेर. आज त्याने काही केलेलं नाही.
कागदावर मात्र अर्ध्या तासापूर्वी
खालची वस्ती धुऊन नेली आहे.

एदुविगिस बाई एकोणतीस वर्षं मासळीच्या कारखान्यात होत्या,
बोटं अजून सुरीच्या मुठीभोवती वळल्यासारखी.
त्यांच्या चिठ्ठीवर दोनच शब्द: श्वास नाही.
“म्हणजे मला काही करायचंच नाही?” हिरमुसल्या.
मी ओठांना निळा लावला,
शिंपल्याच्या आतल्या बाजूचा निळा,
कानामागे लाल ओघळ.
“खऱ्या लाटेच्या वेळी,” त्या म्हणाल्या,
“माझी बहीण अशी दिसत नव्हती.
केसांत वाळू होती. तेवढंच.”
मी बाहेर जाऊन मूठभर वाळू आणली.

शिट्टी.
डॉक्टर रायेन आत आली, हातात चार रंगांची कार्डं.
नियम तिला पाठ: हिरवा थांबेल, पिवळा जरा थांबेल,
लाल थांबणार नाही,
काळ्यापाशी आपण थांबायचं नाही.
भिंतीला टेकून ओस्वाल्दो मोजत होता,
विद्यापीठाचा माणूस, दोन घड्याळं, एक तक्ता.
तीन वर्षं तो हेच शोधतोय,
घाईत माणसाचा हात नेमका कुठे अडखळतो.

तिनं बाईंची हनुवटी उचलली, गाल नाकाशी नेला.
बाईंनी श्वास असा काही धरला
की माझाच जीव खालीवर.
काळं कार्ड मनगटाला. नऊ सेकंद. उत्तम.
मग रायेन उठलीच नाही.
शेजारचा लाल कार्डवाला पाठ केलेलं ओरडत होता,
ओरडता ओरडता थांबून तोही बघायला लागला.
ते मनगट हातात, ती तशीच.

दुपारी चर्चा. फळा, थर्मासमधली कॉफी.
ओस्वाल्दोनं विचारलं, रागानं नाही:
एक्केचाळीस सेकंद. काय झालं तिथं?
रायेन खुर्चीच्या हाताचं रबर उकरत राहिली.
“हात गरम होता,” म्हणाली.

कुणी हसलं नाही.
सगळी सोंगं आणता येतात,
बाहेर आलेलं हाड आणता येतं, आतडं आणता येतं,
भाजलेली कातडी तर मी अशी आणतो की माश्या फसतात.
गार पडण्याचं सोंग आणता येत नाही.

तक्त्यात सात रकाने होते:
आवाज, अंधार, थकवा, हरवलेली कार्डं, असलं काही.
ओस्वाल्दोनं पट्टी लावून आठवा आखला.
वर काय लिहावं ते त्याला सुचेना.
वर कोरंच ठेवून खाली ४१ लिहिलं.
पुढच्या खेपेला म्हणे बर्फाची बादली ठेवायची,
मेलेल्यांनी आधी तीत हात बुडवायचे.
मला ते पटलं. आवडलं नाही.

संध्याकाळी कोमट पाण्यानं मी बाईंचे ओठ पुसले.
वाळू त्यांनी झटकू दिली नाही.
दुसऱ्या दिवशी फोनवर सांगत होत्या,
कार्ड मनगटावरच राहिलं होतं.
बसच्या ड्रायव्हरनं ते वाचलं, त्यांच्याकडे पाहिलं,
मेलेल्या माणसाचं भाडं कसलं घ्यायचं, म्हणाला.
पाव मात्र
विकतच घ्यावे लागले.