मागच्या पानाला हात लावायचा नाही

उद्यमनगरात, दोन लेथच्या मधल्या बोळात
इलाही शिकलगारांच्या दारात गाडी लावली
तेव्हा त्यांचा पहिला चहा होऊन गेला होता.
सात माणसांची गाडी. काळी.
चढायला पायरी लागते इतकी उंच.

सम्मेद म्हणाला, खाली बसवायची.
चाक आणि मडगार्डच्या मधी हवा दिसता कामा नये.
एकविसाव्यात आहे पोरगं. त्याच्या फोनमध्ये
असल्या गाड्यांचे फोटो आहेत,
पोट टेकून पसरलेल्या,
धारा काढून झालेल्या म्हशींसारख्या.

शिकलगारांनी फोटो बघितला नाही.
चाकावरच्या पोकळीत हात घातला.
चार बोटं, वर अंगठा.
मग काउंटरवर एकेक नग मांडत गेले,
याद्या करायला बसल्यावर पानसुपारी मांडावी तसे.

"ही स्प्रिंग दोन इंच उतरवती.
ही तीन. पण हिला शॉकअप आखूड लागतोय,
नाहीतर जुना आत दबून बसतो,
खड्ड्यात बुडाला ठोकतो,
म्हैन्यात तेल ओकतो.
हाय तीच स्प्रिंग ग्राइंडरनं कापून देणारं
पलीकडच्या गल्लीत हायत.
मी कापत न्हाई."
का, ते सांगितलं नाही.

"मागं पाटं हायत. एक पान काढलं तर इंचभर,
पण मग वजन घालायचं न्हाई.
ॲक्सल पाट्याच्या वर घेतला, तर सरळ पाच.
तवा चेसिसला चंद्रकोर कापावी लागती,
ॲक्सलला उडायला जागा पायजे."
"पाच!" पोरगं म्हणालं.
जत्रेतला पाळणा वर जाताना ओरडतात तसं.

मी दाराकडे बघत होतो.
मधल्या पट्टीच्या खाली एक रेघ आहे.
दोनदा पॉलिश मारलं,
तरी उन्हं कलली की दिसते.
त्या साली पाणी तिथवर होतं, आंबेवाडीच्या वाटेवर.
गाडी तेव्हा धनपालची, माझ्या धाकट्याची.
ह्याच दुकानात त्यानं ती उचलून घेतली होती,
पुढं स्प्रिंगवर, मागं पाट्याखाली
दोन दोन इंचाचे ठोकळे घालून.
लोक हसले. रानात विमान उतरवतोस काय रं?
मग चार दिवस त्यानं बायका काढल्या, पोरं काढली,
दोन करडं, एक शिलाई मशीन,
आणि सलाईनची बाटली स्वतःच धरून बसलेले
आडमुठे मगदूम मास्तर.
आता तो मस्कतला क्रेन चालवतो.
फोनवर म्हणाला, पोराला हवी तशी करू दे की,
गाडी हाय ती, देव न्हवं.

"शिकलगार, ठोकळे काढले तर?"
त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.
"मीच घातल्यात ते," म्हणाले.
"काढलं की दोन उतरंल. वर ही स्प्रिंग घातली, की पुढं चार."
"आणि मागं?" सम्मेद.
"मागं दोनच," मी म्हणालो. "पानाला हात लावायचा नाही."
"मग तोंडावर पडल्यासारखी दिसंल, पप्पा!"
"दिसू दे."
शिकलगारांनी पावतीवर लिहिलं,
पाटे आहेत तसे,
आणि खाली दोन रेघा मारल्या.

संध्याकाळी अलाइनमेंट करून गाडी बाहेर आली.
चाकं वरून आत झुकायला नकोत,
टायर आतनं झिजतो,
हे त्यांनी पोराला तीनदा सांगितलं.
सम्मेदनं पुढच्या चाकावर बोटं घातली.
दोन मावली.
"अजून जागा हाय," तो म्हणाला, जरा नाराजीनं,
आणि किल्ली फिरवली.

पहिला गतिरोधक त्यानं तिरका घेतला.
काही घासलं नाही.
चारही ठोकळे माझ्या मांडीवर होते.
खाली पेपर घ्यायचा राहिला,
पॅन्टला ग्रीस लागलं.