उंची

सेंट जॉन्सच्या अभिलेखागारात
पेन चालत नाही, पेन्सिलच.
खोक्यातून निघाली अकरा पानांची फाईल:
टॉरव्हिल, लेवी. शिपाई. धंदा मासेमारी.
वय एकोणीस वर्षं एक महिना.
त्या एका महिन्याचं मला हसू आलं.
खोटं बोलणारा नेहमी थोडं जास्तच सांगतो.

उंची पाच फूट दोन.
डोळे करडे. डाव्या भुवईवर व्रण.
व्रण कशाचा ते कुणी विचारलेलं नाही.
आमच्या घरी पोराटोरांना ठाऊक आहे: गळ,
थोरल्या भावानं मागं न बघता फेकलेला.

दर एक जुलैला कोटाला निळी फुलं टोचून
आम्ही स्मारकापाशी उभे राहायचो.
आजोबा कधी आले नाहीत.
फ्रान्सच्या विषारी धुरात फुफ्फुसं गेली त्यांची,
म्हणून खोकतात, म्हणून बोलत नाहीत,
असं मोठी माणसं सांगत.
ते स्वतः काहीच सांगत नसत.

फाईलमध्ये फ्रान्स नाही.
स्कॉटलंडमधली छावणी आहे, गोवर आहे,
हरवलेल्या मोज्यांचे पगारातून कापलेले पैसे,
आणि एकशे बाराव्या दिवशी शिक्का:
सेवामुक्त. भरतीच्या वेळी वय खोटं सांगितलं.

शेवटी एक पत्र. अक्षर पाद्र्याचं,
सहीच्या जागी फुली, कागद फाटेस्तोवर दाबलेली.
'साहेब, तो मार्चात पंधराचा झाला.
थोरला तुमच्याकडे आहे, तो ठेवा.
हा मला परत द्या.'

थोरला ठेवला त्यांनी.

बाहेर पायरीवर बसून एफी आत्याला फोन लावला.
एक्क्याण्णव वर्षांची, एका कानानं बहिरी.
फुलीबद्दल सांगितलं, फ्रान्सबद्दल,
म्हणजे फ्रान्स नसल्याबद्दल.
पलीकडे किटली शिटी देत राहिली,
तिनं ती उतरवली नाही.

मग म्हणाली, 'बाबा आजीच्या हातचा चहा घेत नसत.
आम्हाला वाटायचं, साखर कमी पडते.'

आणि जरा वेळानं,
'उंची काय लिहिलीय?'
'पाच फूट दोन.'
'हॅ. सहा फूट होते.
आजीची पेटी खांद्यावर घेतली तेव्हा
बाकीचे तिघे बुटके, पेटी तिरकी व्हायला लागली.
घरापासून चर्चपर्यंत, बर्फातनं,
गुडघे वाकवून चालले गं.'