शिल्लक

कोंडसुरे खाडी मत्स्यनिधी, वही दुसरी.
खजिनदार मी, मंदाकिनी मेथर.
अक्षर माझं, बेरीज माझी,
चुकली तरी माझीच.

जमा: गळाच्या पावत्या एकशे बारा, दर तीनशे.
पुण्याहून, बेळगावहून येतात माणसं
लांबुडक्या पिशव्यांतून काठ्या घेऊन,
चिपीच्या सावलीत दिवस दिवस उभी राहतात
आणि लागलेला मासा फोटो काढून परत सोडतात.
पहिल्या वर्षी गाव हसला,
"पैसे भरून उपाशी जातत."

खर्च: जिताड्याची बोटुकली, नग सहाशे.
टेम्पो आला पहाटे चारला.
प्राणवायूने फुगलेल्या पिशव्या
न उघडताच ठेवल्या पाण्यावर, अर्धा तास,
आतलं पाणी बाहेरच्या पाण्याच्या
ओळखीचं होईतो.
साईल थर्मामीटर धरून मांडीपर्यंत चिखलात.
आत सव्वीस, बाहेर एकोणतीस.
थांब.
आत एकोणतीस.
सोडली.
पाण्याला क्षणभर खाज सुटल्यासारखं झालं,
मग काही नाही.

मेलेली मोजली: सत्तेचाळीस.
मेलेलीच तेवढी मोजता येतात.

सभेत एकजण म्हणाला, हाच पैसा देवळाच्या पत्र्याला दिला असता
तर निदान दिसला तरी असता.
ठराव तरीही झाला:
पुलापासून मुखापर्यंत पाग नाही, वाण नाही,
हातभरापेक्षा लहान मासा परत.

आणि पहिला दंड पडला दाजी टिकमांना.
भांगाची भरती, चंद्र नाही,
सवयीनेच पाग उडाला असेल त्यांच्या खांद्यावरून.
शंभर रुपये.
ज्यांच्या पागातली कालवणं खाऊन मी मॅट्रिक झाले
त्यांची पावती मीच फाडली.
त्यांनी ती घडी करून टोपीत ठेवली,
पायरी उतरता उतरता म्हणाले,
"चेडवा, नेम उलटो लिवलंस.
बारके सगळे बापये.
वाढले की बायलो होतत.
तू बापयांका राखतंस
नि आवशींका विकतंस."

मी रत्नागिरीला फोन लावला.
मत्स्य अधिकारी पलीकडे जरा गप्प झाल्या,
मग म्हणाल्या, हो, जिताडा असाच असतो,
नर म्हणून सुरुवात, मादी नंतर.
तुम्हाला कोणी सांगितलं?

ठराव क्रमांक नऊ: अडीच फुटांवरचा मासाही परत.
ठराव क्रमांक दहा: दंडाचे शंभर रुपये परत.
दाजींनी घेतले नाहीत.
ती रक्कम अजून अनामत खात्यात पडून आहे,
दरवर्षी पुढे ओढते मी.

एप्रिलात पाणी तेहेतीसला गेलं.
अकरा ते चार गळ बंद, अशी पाटी लावली.
कोमट पाण्यात दमलेला मासा
सोडला तरी सुटत नाही,
कुशीवर वाहत जातो.
बेळगावचे एक गृहस्थ चिडले,
मी पैसे भरलेत.
भरलेत, म्हटलं, पण मला. पाण्याला नाही.
त्यांना सोलकढी दिली, चार वाजले, मग गेले.

मार्चअखेरची तपासणी मेच्या उन्हात उरकली.
लेखापरीक्षक देवगडहून स्कूटरवर आले,
पानं उलटली, रोख मोजली:
दोन हजार एकशे चाळीस.
मग चष्म्यावरून विचारलं,
आणि मालमत्ता? ती दाखवा.

नेलं बांधावर.
ओहोटी लागलेली, खाडीचा तळ अर्धा उघडा,
तिवराच्या मुळ्या, एक चप्पल, बगळा.
पाच मिनिटं झाली. दहा.
त्यांनी घड्याळ पाहिलं, मी चिखल.

पुलाच्या तिसऱ्या खांबाशी
टप्पकन आवाज झाला,
कुणी ओल्या ओंजळीने टाळी द्यावी तसा.
वर्तुळ पसरत आलं आमच्या पायांपर्यंत.

"किती असतील?"
माहीत नाही, म्हटलं.
त्यांनी खिशातून पेन्सिल काढली,
पेन होतं तरी.